वर्दी कुणाची, माणूस कुणाचा?



हा अंक विश्रामबागेत जुळवला. एका मित्राच्या खोलीत. वर पत्रा, खाली सतरंजी, मधे कागदांचा ढीग. रात्रभर मजकूर तपासला आणि पहाटे चहाच्या तलफेनं बाहेर पडलो, तर रस्त्यावर पोरं धावत होती. पाच वाजलेले. अंधार. चाळीस-पन्नास पोरं सांगली-मिरज रस्त्याच्या कडेनं धापा टाकत चाललेली. कुणाच्या पायात फाटके बूट, कुणी अनवाणी. मागून शिट्टी वाजवणारा अकॅडमीचा मास्तर मोटरसायकलवर. तो ओरडत होता, “सोळाशे पाच मिनिटांत मारा, नाहीतर घरी जाऊन म्हशी राखा!”

ही पोरं मला ओळखीची आहेत. म्हणजे नावानं नाहीत. मीच त्यांच्यातला होतो. दोन वर्षं ह्याच रस्त्यानं धावलो. दहावीच्या पुढं शिकायला घरात पैसा नव्हता, म्हणून पोलीस भरतीचा फॉर्म भरता येत नव्हता. मला मिलिटरीच. धावण्यात पास झालो. उंचीत पास झालो. मग छाती मोजली. फुगवून पाच सेंटीमीटर वाढायला पाहिजे. माझी चार वाढली. एका सेंटीमीटरनं मी देशाच्या कामाचा राहिलो नाही.

माझ्या बरोबर धावणारा एक जोडीदार होता. आमच्याच वस्तीतला. एका ताटात जेवलेला. त्याच्याकडं बूट नव्हते तेव्हा मी माझे दिलेत आणि माझ्याकडं एसटीला पैसे नव्हते तेव्हा त्यानं काढलेत. तो बारावी झाला होता. त्याला वर्दी मिळाली. मी कोकणातल्या एका बंदरावर गेलो, ठेकेदाराच्या टोळीत. कोळसा.

त्या कामाचं वर्णन करतो, कारण आपल्या कविता लिहिणाऱ्या मित्रांना कोळसा म्हटलं की फक्त काळा रंग आठवतो. बार्ज धक्क्याला लागतो. वरून क्रेनचा ग्रॅब येतो आणि जबड्यानं कोळसा ओरबाडून नेतो. पण जबडा तळाला पोचत नाही, कोपऱ्यात शिरत नाही. ते काम आमचं. आम्ही फावडी घेऊन खाली उतरायचं, कडेचा कोळसा मधे ओढायचा, ग्रॅब डोक्यावरून खाली येतो तेव्हा बाजूला पळायचं. पाळी संपल्यावर थुंकी काळी पडते. जी छाती सरकारला चारच सेंटीमीटर फुगलेली दिसली, ती आता कोळशानं भरते. तिथं कुणी टेप लावत नाही.

एका पाळीला उतार घसरला आणि आमचा एक माणूस कमरेपर्यंत गाडला गेला. आम्ही हातांनी उकरून काढला. जगला. पाय गेला. ठेकेदार म्हणाला, ह्याचं नाव मस्टरवरच नाही. नाव नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे पाय नाही, पाय नाही म्हणजे भरपाई नाही. सरळ हिशेब. आम्ही काम बंद केलं. मागण्या काय? मस्टरवर नाव, तोंडाला मास्क, पाय गेलेल्याला भरपाई. क्रांती वगैरे कुणी मागितली नव्हती. आठव्या दिवशी गेटवर बंदोबस्त आला.

पहिल्या रांगेत तो होता. माझा जोडीदार.

मी त्याला बघितलं. त्यानं मला बघितलं. हेल्मेटची काच खाली होती तरी डोळे ओळखू आले. मग ढकलाढकली झाली, शिट्टी वाजली आणि काठ्या चालल्या. त्याची काठी माझ्या पोटरीवर बसली. जोरात नाही बसली. पण बसली.

त्या रात्री मी एक कविता लिहिली. त्यात त्याला कुत्रा म्हटलं होतं, भाकरीसाठी इमान विकणारा म्हटलं होतं, अजून बरंच काही त्याच्या आईवरून होतं. कविता ह्या अंकासाठी दिली. सगळ्यांना आवडली. पहिल्या पानावर घ्यायची असं ठरलं. परवा ती मी परत मागून घेतली. तिच्या जागी हे लिहितोय.

का, ते सांगतो.

कोळसा आणि बंदूक ही जोडी जुनी आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे, डोंगराळ, कोळशानं भरलेलं. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या खाणकामगाराचं घर कंपनीचं, दुकान कंपनीचं. पगारसुद्धा बऱ्याच ठिकाणी कंपनीनंच छापलेल्या टोकनांत, जी कंपनीच्याच दुकानात चालायची. युनियनमध्ये नाव घातलं की घर खाली. बायकापोरं, भांडीकुंडी, सगळं रस्त्यावर. हे करायला कंपनीनं भाडोत्री डिटेक्टिव्ह पाळले होते. आपल्याकडं ठेकेदाराचे बाउन्सर असतात तसे, पण बंदूकवाले.

मेटवान नावाच्या गावात १९ मे १९२० ला हे भाडोत्री लोक घरं खाली करायला आले. त्या गावाचा पोलीसप्रमुख होता सिड हॅटफिल्ड. पूर्वी स्वतः खाणीत काम केलेला माणूस. तो कामगारांच्या बाजूनं उभा राहिला. गोळीबार झाला, दहा माणसं मेली, त्यात सात डिटेक्टिव्ह आणि गावाचा मेयर. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२१ ला, सिड हॅटफिल्ड कोर्टाच्या पायऱ्या चढत असताना त्याला भर दिवसा गोळ्या घातल्या. बायको बरोबर होती. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं.

त्यानंतर खाणकामगार उठले. ऑगस्टच्या शेवटाला जवळजवळ दहा हजार माणूस बंदुका घेऊन चालत निघाला. गळ्यात लाल रुमाल. त्यात गोरे होते, काळे होते, इटलीहून पोट भरायला आलेले होते. ज्या देशात काळ्या माणसाला झाडाला टांगायचे त्या देशात, त्या काळात, हे एकाच रांगेत चालले. वाटेत ब्लेअर नावाचा डोंगर. वर लोगन परगण्याचा शेरीफ डॉन चॅफिन, खाणमालकांच्या पैशावर पोसलेला, मशीनगनी लावून बसलेला. पाच-सहा दिवस लढाई झाली. मालकांच्या बाजूनं भाड्याच्या विमानांतून बॉम्बसुद्धा टाकले गेले, आपल्याच देशाच्या कामगारांवर.

मग राष्ट्राध्यक्ष हार्डिंगनं फौज पाठवली. आणि इथं दोस्तांनो नीट लक्ष द्या. फौज आली आणि कामगारांनी बंदुका खाली ठेवल्या. घाबरून नाही. त्यांच्यातले पुष्कळ जण पहिल्या महायुद्धात ह्याच फौजेत लढून आलेले. शेरीफच्या गुंडांवर गोळी झाडायला त्यांचा हात थरथरला नव्हता. पण समोर आलेला शिपाई त्यांना आपला वाटला. काही जणांना तर वाटलं की फौज आपल्याला सोडवायला आलीय. आपल्या भावावर गोळी कशी घालायची, हा त्यांचा सवाल होता.

फौजेनं त्यांना घरी पाठवलं. मालकांच्या सरकारनं नंतर नऊशेपेक्षा जास्त लोकांवर खटले भरले, त्यात राजद्रोहाचेसुद्धा. त्या भागातली युनियन मोडली, ती पुन्हा उभी राहायला दहा-बारा वर्षं गेली.

कामगारानं वर्दीवाल्याला भाऊ मानलं. वर्दीवाल्याच्या मागं उभं असलेल्या सरकारनं कामगाराला काय मानलं, ते ह्या खटल्यांत दिसतं.

आता अमेरिकेतून परत या. मुंबईला या. १९४६.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला नौदलाचं तलवार नावाचं ठाणं, तिथं बिनतारीचं शिक्षण द्यायचे. तिथल्या पोरांनी जेवायला आणि कामाला नकार दिला. कारणं साधी. जेवण सडकं. गोऱ्या खलाशाला पगार जास्त, ह्यांना कमी. आणि तिथला कमांडर किंग नावाचा साहेब शिव्या द्यायचा. त्या शिव्यांतली एक होती, कुलीच्या पोरांनो. म्हणजे हमालाची पोरं. म्हणजे माझी जात. गोदीतल्या हमालाचं नाव ही त्या साहेबाच्या तोंडची शिवी होती, हे मी विसरू शकत नाही.

दोन दिवसांत हे लोण सगळीकडं गेलं. मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता. अठ्ठ्याहत्तर जहाजं, वीस हजारांच्या आसपास माणूस. मुंबईतल्या समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख. त्यांच्या मागण्यांत चांगलं जेवण होतं तशीच आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियात लढायला पाठवलेली हिंदी फौज परत बोलवा, हीसुद्धा होती. म्हणजे हे पोटाला मिळालं की गप्प बसणारे नव्हते. दुसऱ्या देशातल्या गुलामावर आम्ही बंदूक का धरायची, असं विचारणारे होते.

२१ तारखेला कॅसल बॅरेक्सला गोळ्या चालल्या. जहाजांवर अन्न बंद. तेव्हा मुंबईचा माणूस गेटवेला गेला. कुणी भाकऱ्या नेल्या, कुणी फळं, कुणी दूध. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. आणि पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी काय केलं? त्यांनी अडवलं नाही. काही जणांनी बंदूक खांद्याला अडकवून होडीत डबे पोचवायला हात लावला. हे मी पुन्हा पुन्हा वाचतो. पोटरीवरचा वळ बघतो आणि पुन्हा वाचतो.

२२ फेब्रुवारीला कम्युनिस्टांच्या हाकेवर मुंबई बंद झाली. काँग्रेसचा विरोध, लीगचा विरोध. तरी तीन लाखांच्या घरात कामगार बाहेर पडला. गिरण्या थंड. हिंदी शिपायावर साहेबाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून गोऱ्या पलटणी आणल्या, चिलखती गाड्या आणल्या. परळ-लालबागपासून भेंडीबाजारापर्यंत गोळीबार. कमल दोंदे ही कार्यकर्ती परळला गोळी लागून मेली. सरकारी आकड्यानंच सव्वादोनशेवर माणूस मेला, हजारावर जखमी. त्या मेलेल्यांची नावं किती जणांना माहीत आहेत?  जे मेले ते आकड्यात आहेत.

त्या गिरण्यांत आपलेही लोक होते. पण कसे? साचेखात्यात त्यांना घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि महाराच्या थुंकीनं विटाळ होतो. पगार जास्त त्याच खात्यात. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा सवाल लाल बावट्यापुढं ठेवला. गोळीला विटाळ नव्हता. ती सगळ्यांना लागली. संपात, मोर्चात, मरणात सरमिसळ, आणि जास्त पगाराच्या खात्यात दार बंद. अमेरिकेतल्या त्या लाल रुमालवाल्यांचं मला कौतुक वाटतं ते बंदुकीमुळं नाही, काळे-गोरे एका रांगेत चालले म्हणून. आपल्याकडं एका रांगेत मरायला बोलावलं, एका माठातलं पाणी प्यायला नाही.

२३ तारखेला जहाजांनी शरणागती दिली. मोठ्या पुढाऱ्यांनी सल्ला दिला, शरण जा, तुम्हाला त्रास होऊ देणार नाही. झाला. शेकडोंना नोकरीवरून काढलं. बरं, इंग्रजांनी काढलं, समजू शकतो. पण दीड वर्षात तिरंगा फडकला. त्या स्वतंत्र नौदलानं त्यांना परत घेतलं का? नाही. शिस्त मोडणारा शिपाई कुठल्याच सरकारला नको असतो, मग झेंडा कुठलाही असो.

आता आपल्या घरातलं बोलू. कारण वर्दीबद्दल बोलायला आपल्याइतका हक्क कुणाला नाही.

आपले आजे-पणजे वर्दीच्या मागं का लागले? गुलामीची हौस म्हणून? साताऱ्याला जाऊन बघा. लष्करातून निवृत्त झालेले रामजी सुभेदार नोकरीसाठी तिथं आले. भीमराव तिथं शाळेत गेला, आई तिथंच १८९६ मध्ये गेली. फौजेत असल्यामुळं त्या घरात अक्षर होतं. गावाच्या वेशीबाहेर ज्याला जोडा घालायची बंदी, त्याला पलटणीत बूट मिळत होता. ज्याला पाटलासमोर वाकावं लागत होतं, त्याला सलाम मिळत होता. म्हणून १८९० नंतर सरकारनं महारांची भरती थांबवली तेव्हा आपल्या माणसांना तो पोटावरच नाही, माणूसपणावर पाय वाटला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १११ महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. तेच १९२१, ज्या वर्षी अमेरिकेत युद्धावरून आलेले खाणकामगार ब्लेअरच्या डोंगरावर होते. दुसरं युद्ध आलं, पुन्हा माणूस पाहिजे झाला, १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट. पाहिजे तेव्हा घ्या, नको तेव्हा हाकला. आज ह्याला ठेका पद्धत म्हणतात.

म्हणून धावणाऱ्या पोरांना मी हसू शकत नाही. विश्रामबागेच्या रस्त्यावर धावणारं प्रत्येक पोरगं भाकरीच्या मागं धावतंय, आणि थोडं मानाच्या मागं. वर्दी घालून गावात शिरलं की ज्यांनी कालपर्यंत एकेरीत हाक मारली ते ‘साहेब’ म्हणतात. ही भूक खोटी नाही.

पण त्या वर्दीनं आपल्यावरच गोळी झाडलीय, हेसुद्धा खोटं नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाच्या तुकडीनं गोळीबार केला. दहा माणसं मेली. हुकूम देणारा फौजदार मनोहर कदम, त्याला २००९ मध्ये कोर्टानं जन्मठेप दिली. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण घोडा ज्या बोटांनी ओढला ती बोटं कुणाची होती? कुठल्या गावातून, कुठल्या भरतीतून, कुठल्या रस्त्यानं धावत धावत ती तिथं पोचली? हा सवाल आपण विचारला नाही. आपण पोलिसांना शिव्या दिल्या आणि घरी आलो. मी पण कविता लिहून मोकळा झालोच होतो की.

आणि उलटं एक बघा. १८ ऑगस्ट १९८२. मुंबईत गिरणी संप चालू, जानेवारीपासून. अडीच लाख कामगार बाहेर. त्याच वेळी मुंबईचे पोलीस शिपाई त्यांच्या संघटनेसाठी, पगारासाठी, साहेबांच्या घरची हमाली बंद व्हावी म्हणून झगडत होते. १५ ऑगस्टला काळ्या फिती लावून उभे राहिले. सरकारनं १८ च्या पहाटे त्यांचे पुढारी उचलले. शिपाई रस्त्यावर आले. नायगाव, वरळी पेटलं. गिरणी कामगार त्यांच्या बरोबर रस्त्यावर आला. का येणार नाही? बीडीडी चाळीत एका खोलीत गिरणीवाला, शेजारच्या खोलीत शिपाई, संडास एकच. मग सरकारनं मिलिटरी बोलावली. पोलिसावर मिलिटरी! संघटनेची मान्यता गेली, शिपाई बडतर्फ झाले.

पुढं त्या बडतर्फ शिपायांसाठी कुठल्या युनियननं संप केला? कुठल्या आपल्या मासिकानं अंक काढला? १९४६ च्या खलाशासाठी कोण उभं राहिलं? सिड हॅटफिल्डला मेल्यावर हुतात्मा केलं. आपण वर्दीतल्या माणसाला म्हणतो, तू आमच्या बाजूनं ये. तो आला की त्याची भाकरी जाते. मग आपण त्याच्यावर कविता करतो, आणि तो रिकाम्या पोटानं ती कविता ऐकतो.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे, पण ते पोटातून म्हणायचंय. आपण वर्दीतल्या माणसाकडं फक्त काठीच्या दिवशी बघतो. गोळीच्या दिवशी बघतो. त्याच्या बारा-चौदा तासांच्या पाळीच्या दिवशी बघत नाही. बाप आजारी असताना रजा नाकारली जाते त्या दिवशी बघत नाही. साहेबाच्या घरी भाजी आणतो, कुत्रं फिरवतो, तेव्हा बघत नाही. १९६६ च्या कायद्यानं त्याला सरकारच्या परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. म्हणजे त्याला तोंड नाही. तोंड नसलेला माणूस हातानं बोलतो. त्याच्या हातात काठी दिलेली आहे. गोळीच्या दिवशी ती बंदूक आपल्यावर वळू नये असं वाटत असेल, तर काम आधीच्या दहा वर्षांत करावं लागतं. त्या दिवशी ‘भाई, तू आमचाच आहेस’ असं ओरडून काही होत नाही. मी गेटवर मनात तेच ओरडत होतो. काठी बसलीच.

आणि आता तर जास्त निकड आहे. १४ जून २०२२ ला सरकारनं अग्निपथ आणलं. चार वर्षं नोकरी. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. एकरकमी पैसे घ्या आणि चला. विश्रामबागेतल्या ह्या पोराला वाटतं, मी वर्दी मिळवतोय. अरे बाबा, तुला बंदरावरच्या माझ्यासारखंच घेतलंय. फक्त माझ्या ठेकेदाराचं ऑफिस पत्र्याचं आहे. तेवीस-चोवीसाव्या वर्षी, बंदूक चालवायला शिकलेला, घरी परत आलेला हा पोरगा कुठं जाणार? खाणीच्या गेटवर, बंदराच्या गेटवर सिक्युरिटी म्हणून. म्हणजे पुन्हा आमच्यासमोर. मेटवानचे भाडोत्री डिटेक्टिव्ह असेच कुठून तरी आले असतील ना?

दुसरीकडं संपाचा गळा आवळलाय. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कुठल्याही कारखान्यात संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस. निम्म्या माणसांनी मिळून रजा टाकली तर तोही संपच. आपल्याला हे नवीन नाही. १९३८ मध्ये मुंबई सरकारनं असाच काळा कायदा आणला. बाबासाहेब विधिमंडळात उभे राहिले आणि म्हणाले की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला लावणं ही गुलामगिरी आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एकमेकांशी पटत नसताना, एक दिवसाच्या संपात एकत्र आले. पोलिसांनी तिथंही गोळी चालवली. ह्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९४३ मध्ये, मजूर खात्याचे सभासद असताना, धनबादच्या कोळशाच्या खाणीत खाली उतरून बघितलं. खाली उतरल्याशिवाय कळत नाही, हे त्या माणसाला कळत होतं. आपले किती पुढारी खाली उतरतात?

काही मित्र म्हणतील, हे सगळं मऊ झालं. बंदुकीला बंदूक पाहिजे. मर्दा, मी सांगलीचा आहे. ह्या मातीला बंदूक शिकवू नका. कुंडलची तुफान सेना इथली, ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची गाडी लुटली ती इथल्याच माणसांनी. त्यांना पेलली, कारण गाव त्यांच्या पाठीशी होतं, भाकर गावातून येत होती. ब्लेअर डोंगरावर दहा हजार बंदुका होत्या, तरी फौज आल्यावर संपलं. बंदुकीची मोजणी केली तर सरकार कायम जास्त भरणार. माणसांची केली तर आपण. आणि त्या मोजणीत वर्दीतला माणूस कुणाच्या खात्यात धरायचा, ह्यावर सगळं आहे.

म्हणून ह्या अंकापासून आपण एक करू. दर रविवारी पहाटे, जिथं जिथं भरतीची पोरं धावतात तिथं आपला एक माणूस जाईल. भाषण ठोकायला नाही. पाण्याची कळशी आणि चार केळी घेऊन. त्यांच्या बरोबर बसायचं, १९४६ ची गोष्ट सांगायची, ८२ ची सांगायची, रमाबाई नगरची सांगायची. हुकूम कायद्याचा आणि हुकूम बेकायदा, ह्यातला फरक सांगायचा. पोरगं नापास झालं तर त्याला बंदरावर, एमआयडीसीत, ठेकेदाराच्या तोंडी एकटं सोडायचं नाही. पास झालं तर त्याचा नंबर खोडायचा नाही. पोलिसाला संघटनेचा हक्क पाहिजे, ही मागणी आपल्या प्रत्येक मोर्चात पहिल्या पाचांत असली पाहिजे. आपल्यावर काठी चालवणाऱ्याची मागणी आपण करायची? होय. आपणच करायची. दुसरं कोण करणार?

आमच्या संपाचं काय झालं ते राहिलंच. मास्क मिळाले, पातळ कापडाचे. मस्टरवर निम्म्यांची नावं चढली. दोघांना परत घेतलं नाही. पाय गेलेल्याची भरपाई अजून नाही, कोर्टात आहे.

आणि तो जोडीदार. परवा रजेवर आला होता. विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर गाठ पडली. मी वळणार होतो. त्यानंच हाक मारली. दोन कटिंग सांगितले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो माझ्या पायाकडं बघून म्हणाला, “लागलं होतं काय रं लई?”

मी म्हणालो, “तुला दिसलो होतो ना मी?”

“दिसला होतास. म्हणून तर पायावर मारली. डोक्यावर मारा म्हणून सांगितलं होतं.”

मी चहाचे पैसे दिले. त्यानं दिलेले परत केले. भांडलो त्यावरून. तो अजून वर्दीत आहे, मी अजून होल्डमध्ये. पुढच्या बंदोबस्ताला आम्ही कुठं उभे असू, ठाऊक नाही. पण त्याच्यावरची ती कविता मी फाडली आहे. रविवारी पहाटे पाचला, केळी घेऊन, मी रस्त्यावर असेन. ज्यांना यायचंय त्यांनी या. बूट नसले तरी चालेल.

जयभीम.